पदराला खार न लावता जिल्हादर्शन

सहल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दूरचा मुलूख उभा राहतो. आपल्या आजेसासवांच्या मनात काशी-रामेश्वर असे. आजच्या सुनांच्या मनात काश्मीर, उटी आणि जमलेच तर दुबई असते. बेत होतो, खर्चाचा आकडा निघतो, आणि तो कागद घडी होऊन मसाल्याच्या डब्याखाली जातो. वर्षे सरतात. मुले मोठी होतात, गुडघे कुरकुरू लागतात, आणि सहल राहून जाते ती राहूनच जाते.

भगिनींनो, काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. ज्या जिल्ह्यात आपण नांदतो त्याचे अकरा तालुके; पण त्यांतले आपल्याला ठाऊक किती? माहेरचा एक, सासरचा एक आणि फार तर लेक दिली तो एक. बाकीचा जिल्हा एस. टी.च्या खिडकीतून मागे पळताना पाहिलेला. लग्नाला जाताना डोळे घड्याळाकडे, मयतीला जाताना डोळ्यांत पाणी. पाहण्यासाठी म्हणून पाहणे झालेच नाही. वर्तमानपत्रात बीडचे नाव येते ते दुष्काळासाठी, ऊसतोडीसाठी नाही तर भांडणासाठी. ते सारे खरे असले तरी तेवढेच खरे नाही. या मातीत आठशे वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत, आद्य मराठी कवीची समाधी आहे, पेशवाईची एक मोठी लढाई येथे झाली आहे आणि बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे एक स्थान येथे आहे. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त थोडक्या खर्चात हे सारे कसे पाहता येईल, आणि पाहावे ते कशासाठी, याचा विचार येथे मांडते.

प्रथम प्रवासाच्या साधनाविषयी. आपला मुलूख १७२४ पासून निजामाच्या अंमलाखाली होता, तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. त्या राज्यात १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने मोटारगाड्या सुरू केल्या. त्यापूर्वी बैलगाडी, घोडे किंवा पाय हीच वाहने. तिकडे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धावली. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ साली सगळ्या राज्याचे एक एस. टी. महामंडळ झाले. बीड शहराला रेल्वेसाठी मात्र फारच वाट पाहावी लागली. अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या आपली खरी सोबतीण एस. टी.च. त्यातच १७ मार्च २०२३ पासून राज्यात स्त्रियांना एस. टी.चे अर्धे तिकीट झाले आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून प्रवास मोफत आहे. म्हणजे ज्या आजींनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी तिकीट काढले नाही, त्यांना आता तिकीट काढण्याचेही कारण उरलेले नाही. आधार कार्ड तेवढे पदराच्या गाठीला बांधावे.

आता सहलीचा आराखडा. तीन दिवस पुरेत, आणि त्यात मुक्काम एकच रात्रीचा. पहिला दिवस बीड शहराचा. रात्री निजायला आपापल्या घरी. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने अंबाजोगाई, रात्री तेथेच मुक्काम. तिसऱ्या दिवशी परळी, आणि दिवेलागणीपर्यंत घर. इतिहासाचा क्रम आणि गाडीचा क्रम काही जुळत नाही. कधी सातशे वर्षे मागे जावे लागेल, तर कधी चारशे पुढे यावे लागेल. पण धान्य निवडताना आपण जसे डाळ-तांदूळ वेगळे काढतो, तसे मनात काढत जावे म्हणजे झाले.

पहिला दिवस, बीड

बीडचे जुने नाव चंपावतीनगर. विक्रमादित्याची बहीण चंपावती हिने हे नगर घेतले आणि त्याला आपले नाव दिले, असे सांगतात. ही आख्यायिका आहे, इतिहासाचा पुरावा तिच्या मागे नाही. तरीसुद्धा गावाने एका बहिणीचे नाव इतकी शतके जपले, ही गोष्ट लहान नव्हे. सकाळी प्रथम कंकालेश्वर पाहावा. पाण्याच्या कुंडाच्या मध्यभागी उभे असलेले हे काळ्या पाषाणाचे देऊळ. दर्शन घेऊन लगेच परत न फिरता बाहेरच्या भिंतीवरील शिल्पे सावकाश पाहावीत. त्यांतील स्त्रियांचे केस, दागिने, वस्त्रे नेसण्याच्या तऱ्हा पाहताना दोन तास कसे गेले ते कळत नाही, आणि त्यासाठी पैसाही पडत नाही.

बीडच्या इतिहासात एक गमतीची हकीगत आहे. दिल्लीहून राजधानी देवगिरीस आणणारा महंमद तुघलक या भागात आला असता त्याचा दात दुखून पडला. तो त्याने समारंभपूर्वक पुरला आणि त्यावर थडगे बांधविले, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. बीडजवळच्या टेकडीवरील एक जुनी इमारत त्या दाताचे थडगे म्हणून दाखवतात. ज्याने लाखो माणसांना घरादारासकट दिल्लीहून दौलताबादेस हलविले, त्यालाही दाढदुखीने हलविले! नातवंडांना सांगायला याहून चांगली गोष्ट कोणती?

दुपारच्या भाकरीनंतर खजाना बावडी. ही बीडच्या दक्षिणेस सोलापूर रस्त्यावर सुमारे सहा किलोमीटरवर आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, सलाबतखान याने ती बांधविली. नाव खजाना, पण आत मोहरा नाहीत; खजिना पाण्याचा. जमिनीखालच्या भुयारी वाटेने पाणी विहिरीत येते आणि दुसऱ्या भुयारी वाटांनी उताराकडच्या शेतांना जाते. मोट नाही, बैल नाहीत, पंप नाही. जमिनीचा उतार नेमका ओळखून केलेले हे काम आहे. कडक दुष्काळातही हिचे पाणी हटत नाही, असे जुनी माणसे सांगत आली. टँकरच्या रांगेत कळशा लावून उभे राहणे ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांनी या बावडीच्या काठावर घटकाभर बसावेच. आपल्या जिल्ह्यात पाऊस तेव्हाही बेताचाच असणार. त्या पाण्याचा विचार करणारी माणसे मात्र होती.

दुसरा दिवस, अंबाजोगाई

बीडहून मांजरसुंबा, केज या वाटेने अंबाजोगाई. निजामी अमदानीत या गावाला मोमिनाबाद म्हणत आणि येथे घोडदळाची छावणी होती. गावाचे दैवत योगेश्वरी. कोकणस्थांची ही कुलस्वामिनी, त्यामुळे दूर समुद्रकाठची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या घाट चढून बालाघाटच्या या गावात येत आली. आपण जवळ असून वर्षानुवर्षे जात नाही!

देवीची ओटी भरून झाली की गावाभोवती फिरायला निघावे. हत्तीखाना म्हणून ओळखली जाणारी कोरीव लेणी आहेत, तेथे खडकातून कोरलेले हत्ती आणि नंदी पाहावे. बाराखांबी नावाने लोकांना ठाऊक असलेले सकलेश्वराचे देऊळ शके ११५०, म्हणजे इ. स. १२२८ मधले. ते उभारणारा खोलेश्वर हा देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा सेनापती.

या खोलेश्वराच्या घरची एक कथा मला मंडळाच्या प्रत्येक भगिनीला सांगावीशी वाटते. त्याचा मुलगा राम हाही सेनापती. गुजरातच्या स्वारीत तो लढता लढता पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या आठवणीसाठी रामनारायणाचे देऊळ बांधविले, आणि ही हकीगत शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० च्या अंबाजोगाईच्या शिलालेखात कोरली गेली. राजे-सेनापतींच्या लेखांत स्त्रियांची नावे बहुधा कुणाची पत्नी, कुणाची माता म्हणून येतात. येथे एक बहीण काही करते, आणि दगड तिचे नाव राखतो. दरवर्षी भाऊबीजेला आपण भावाला ओवाळतो. लक्ष्मीला ओवाळायला भाऊ उरला नव्हता, तिने देऊळ उभे केले. आठशे वर्षे होत आली, तरी तो लेख आपल्याला तिचे नाव सांगतो आहे.

याच जिल्ह्यात हिंडताना दुसऱ्या प्रकारचे दगडही भेटतील. गावाच्या वेशीपाशी, मारुतीच्या पारावर, शेंदूर फासलेले उभे दगड असतात. कशावर लढणारा वीर कोरलेला असतो, तो वीरगळ. कशावर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला एकच हात असतो. ती सतीशिळा. आपण येता-जाता तिला हळदकुंकू वाहतो, पण तो हात कुणाचा, हे विचारत नाही. त्या हाताच्या बाईचे नाव कुणी लिहिले नाही. लक्ष्मीचा लेख वाचून आल्यावर हा मुका हात पाहिला म्हणजे मन चरकते. इतिहास पाहायचा तो यासाठीही.

संध्याकाळी आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. गावाबाहेर दरीत हे स्थान आहे, तेव्हा उजेड असतानाच जाऊन यावे. त्यांच्या ‘विवेकसिंधु’ ग्रंथाचा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानतात. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे त्याच्या शंभर वर्षे आधीची ही मराठी. दासोपंत (१५५१ ते १६१५) हेही येथलेच. त्यांची समाधी गावात आहे. कागद पुरेना म्हणून की काय, या सत्पुरुषाने सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर पंचीकरणाचा विषय लिहून काढला. तीच प्रसिद्ध ‘पासोडी’. आपण पासोडी पांघरतो, दासोपंतांनी तिचा ग्रंथ केला!

याच गावातील योगेश्वरी नूतन विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. पुढे १९३८ च्या सुमारास शाळा सोडून ते लढ्यात उतरले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. एका दिवसात, एका गावात, यादवांपासून मुक्तिसंग्रामापर्यंत सातशे वर्षांचा प्रवास होतो. आणखी काय हवे?

मुक्कामासाठी देवस्थानाच्या भक्तनिवासात आधी चौकशी करून ठेवावी. मार्गशीर्षात देवीचा उत्सव असतो, त्या दिवसांत जागा मिळणे कठीण.

तिसरा दिवस, परळी

अंबाजोगाईहून परळी सुमारे पंचवीस किलोमीटर. परळीचा वैद्यनाथ, आपल्या तोंडी वैजनाथ, बारा ज्योतिर्लिंगांत मोजला जातो. झारखंडातील देवघरचे लोकही आपल्या वैद्यनाथाला तो मान देतात. त्या वादात पडण्याचे आपल्याला कारण नाही. आपण पाहायचे ते हे की, या देवळाचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार करविला तो अहिल्याबाई होळकरांनी. त्या ३१ मे १७२५ रोजी चौंडीस जन्मल्या. हे गाव आपल्या जिल्ह्याच्या शेजारच्याच जामखेड तालुक्यातले, म्हणजे त्या आपल्या शेजारघरच्या लेक म्हणावयास हरकत नाही. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी इंदूरचा कारभार पाहिला. काशी, गया, सोमनाथ अशा ठिकठिकाणी त्यांनी देवळे, घाट, धर्मशाळा बांधल्या. गरीब यात्रेकरूला छप्पर आणि पाणी मिळावे, म्हणजे पैसा नसलेल्या माणसालाही प्रवास करता यावा, ही त्यांची दृष्टी. ‘थोडक्या खर्चात प्रवास’ हा आज आपला विषय आहे. त्या विषयावर इतके काम केलेली स्त्री दुसरी कोण दाखवावी?

परळीहून दुपारची गाडी धरली की रात्रीचा स्वयंपाक करायला आपण घरी. पण त्या दिवशी तरी तो दुसऱ्या कुणी केलेला असावा, अशी घरच्या मंडळींना आधीच सूचना द्यावी!

उरलेली स्थळे एकेका रविवारची

गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. शनीच्या दर्शनाला पुष्कळजण जातात, पण १० ऑगस्ट १७६३ ची लढाई फार थोड्यांना आठवते. निजामअलीचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथे पडला आणि अवघ्या अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी विजय मिळविला. पानिपतानंतर दोनच वर्षांत मराठ्यांना पुन्हा उभे करणारा तो दिवस. माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरीला आपण अधिक महिन्यात जातो. तेथे यादव राजा रामचंद्र याचा शके १२३२, म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट सापडला, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलेले नसते. किल्ले धारूर हा विजापूरच्या किश्वरखानाने १५६७ साली बांधविला, दोनच वर्षांत तो अहमदनगरकरांनी घेतला, १६३१ साली मोगलांनी. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा, सौताड्याला रामेश्वर आणि धबधबा. आडवाटेला एस. टी.च्या फेऱ्या कमी असतात, तेथे परतीची वेळ आधी विचारून घ्यावी. नाही तर काळीपिवळीवाला सांगेल तो भाव.

खर्चाचा हिशेब

रोजच्या एस. टी.त अर्धे तिकीट आहे. सगळ्यांसाठी मिळून गाडी कराराने घ्यायची तर दर वेगळा, तो आगारात आधी विचारावा. पंधरा-वीस जणी असल्यास रोजच्या गाडीनेच जाणे स्वस्त. शिदोरीला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दोन दिवस सहज टिकतात. मुक्कामी एक वेळ गरम जेवण विकत घ्यावे, कारण सहलीतही चूल पेटवायची तर घरच काय वाईट होते? आतापासून दरमहा पन्नास रुपये गटात वेगळे टाकले, तर वर्षाचे सहाशे होतात. गाडीभाडे आणि मुक्काम यांचा मोठा भाग त्यातून भागावा. जिला तेवढेही जमणार नाही, तिचा वाटा मंडळाने उचलावा, आणि त्याची वाच्यता करू नये.

वेळ कोणती, याचा विचार महत्त्वाचा. श्रावणात परळीला गर्दी, नवरात्रात आणि मार्गशीर्षात अंबाजोगाईला गर्दी. मला सुचते ती वेळ गौरी-गणपती आटोपल्यानंतरची आणि घट बसण्यापूर्वीची. पितृपंधरवडा असतो हे खरे. ज्या तिथीला घरी पान वाढायचे ती सोडून बाकीचे दिवस मोकळे. रान हिरवे असते, धबधबे वाहत असतात. आणि सर्वांत मोठे कारण निराळेच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्या आपल्या शेजारणी मग पाच-सहा महिने नसतात. आपल्यापेक्षा शेकडो किलोमीटर अधिक प्रवास त्यांनी केला आहे, पण तो कोयता घेऊन, मूल काखेला मारून आणि फडाच्या दिशेने. स्वतःला काही पाहायचे म्हणून त्या कधी गाडीत बसल्या नाहीत. त्या गावात आहेत तोवर सहल काढली, तर त्यांना बरोबर नेता येईल. त्यांना वगळून काढलेल्या सहलीला जिल्ह्याची सहल म्हणणे मला अवघड वाटते.

शेवटी एक सूचना. आपल्यापैकी प्रत्येकीला दोन गावे ठाऊक आहेत, एक जन्माचे आणि एक दिल्याघरचे. माहेरच्या वेशीत कोणता दगड आहे, बारव कुणी बांधली असे म्हणतात, गढीत कोण राहत असे, हे तिने आजीकडून ऐकलेले असते. आजी गेली की ती माहितीही जाते. शिलालेखावर ऑइल पेंट फासला की अक्षर जाते, बारवेत कचरा टाकला की पाणी जाते, आणि मग सांगायलाही काही उरत नाही. तेव्हा प्रत्येक भगिनीने आपल्या माहेरच्या जुन्या वास्तूवर दोन पाने लिहून मंडळाकडे द्यावीत. जिला लिहिता येत नाही तिने सांगावे, दुसरीने लिहून घ्यावे. पुढच्या बैठकीत सहलीची तारीख आणि लिहिणाऱ्यांची नावे असे दोन्ही विषय घ्यावेत, अशी मी सर्व सभासदांना विनंती करते.